बिनचिठ्ठीचं झाड

मयुरा भोयरनं अकरा जानेवारीच्या सकाळी सातव्या वाफ्यातल्या एका गव्हाच्या झाडाची चिठ्ठी आपल्या हातानं कापली, पर्समध्ये टाकली आणि कोणाला काही न सांगता ऑफिसात येऊन बसली. चोरी केल्यासारखं वाटत होतं. खरं तर झाड तिचंच होतं. त्याच्यासाठी तिनं सहा वर्षं घातली होती. आपलीच वस्तू आपल्याच शेतात लपवायची पाळी माणसावर येते तेव्हा काहीतरी आधीच बिघडलेलं असतं. पण हे तिला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

गहू संशोधनाचं ते केंद्र शहराबाहेर, हुडकेश्वरच्याही पुढे होतं. एका ट्रस्टचं, जेमतेम पाच एकरांचं, आणि तिन्ही बाजूंनी घरांचे ले-आउट पडत पडत कुंपणाला येऊन भिडलेले. नव्या घरांच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका खाली बघत आणि ही माणसं वर्षानुवर्षं एवढ्याशा गव्हाचं करतात तरी काय, असं एकमेकींना विचारत. प्रश्न वाजवी होता. केंद्राचे प्रमुख मनोहरराव जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. संशोधक म्हणून मयुरा एकटीच उरली होती. आणि शेताचं सगळं एकतीस वर्षांपासून देवराव पाहत होते, त्यांच्या हाताखाली निंदणाला येणाऱ्या चार बाया. बस, एवढाच पसारा.

गच्चीवरच्या बायकांच्या प्रश्नाचं उत्तर तांबेरा हे होतं. गव्हावर तांबेरा पडला की पानावरून बोट फिरवावं, बोट विटकरी होतं. खोडावर पडला तर उभ्या पिकाचं महिन्याभरात भुसकट होतं. कळमेश्वरकडच्या काही घरांत दुधी नावाचा एक जुना गहू होता. त्याची पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची आणि नुसत्या तेल-तिखटाशी खावी अशी लागायची. पण तांबेऱ्यापुढे दुधीचा टिकाव लागत नसे, म्हणून लोकांनी तो पेरणं सोडून दिलं होतं. मयुराला त्या दुधीत रोगाला तोंड देणारी चार जनुकं आणायची होती. एकानं भागत नाही, चार-पाच वर्षांत तांबेरा त्याला वळसा घालतो. चारही एका झाडात असली तर त्याची मात्रा सहजासहजी चालत नाही.

झाडाच्या अंगात हा गुण आहे की नाही हे कळायला पूर्वी रोग येण्याची वाट पाहावी लागे, आणि आला तरी चारांतलं कोणतं जनुक कामी आलं ते समजत नसे. आता तसं नव्हतं. प्रत्येक जनुकाच्या शेजारी एक खूण असते. रोप वीतभर झालं की त्याचं नखाएवढं पान घ्यायचं, त्यातला डीएनए काढायचा, मशीनमधून फिरवायचा. खूण असली तर जेल नावाच्या लिबलिबीत थरावर निळ्या उजेडात एक पट्टी चमकते. या हंगामात चारशे झाडं होती. आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही अंगांनी चारही खुणा पुऱ्या असलेलं झाड अडीचशेत एखादं निघतं. चारशेत एक निघालं. नंबर दोनशे सतरा. त्या दिवशी मयुरा जेल बघायच्या अंधाऱ्या खोलीत एकटीच रडली आणि मग तोंड धुऊन बाहेर आली.

रडण्यासारखंच होतं ते. ट्रस्ट एकतीस मार्चला केंद्र बंद करणार होता, जमीन कशासाठी जाणार हे कुंपणापलीकडे बघितलं की कळत होतं. एका मोठ्या संस्थेनं मनोहररावांना कळवलं होतं: चारही जनुकं पुरी असलेल्या झाडाचं बी द्या, आम्ही दुधी पुढे नेऊ, अर्धवट काम मात्र आमच्याकडे आणू नका. बाकीच्या झाडांत कुठे दोन होती, कुठे तीन, कुठे चौथं अर्धंच. त्यांच्यातून पुन्हा चार जमवायची तर अजून दोन रब्बी हव्या होत्या, आणि पुढच्या रब्बीला गहू पेरायला जागाच राहणार नव्हती. दुधीचं सगळं भवितव्य असं एका झाडाच्या तेरा ओंब्यांवर येऊन ठेपलं होतं.

झाड दिसायला अगदी चारचौघांसारखं होतं. कंबरेएवढं, किंचित वाकलेलं. त्याला ओळखायची एकच सोय होती, ती म्हणजे त्याला बांधलेली नंबराची चिठ्ठी.

चिठ्ठ्यांचा केंद्रात एक जुना रिवाज होता. पेरणीनंतर प्रत्येक झाडाला देवराव स्वतः चिठ्ठी बांधत. प्रयोगशाळेची पास-नापासाची यादी आली की नापास, म्हणजे तीनहून कमी खुणांच्या, झाडांच्या चिठ्ठ्या तेच कापून टाकत. चिठ्ठीचं झाड म्हणजे देवाचं, त्याच्या पानालाही हात लावायचा नाही. बिनचिठ्ठीचं झाड सगळ्यांचं. फेब्रुवारीच्या शेवटी दाणा दुधातून चिकात आला की बिनचिठ्ठीच्या ओंब्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायच्या आणि शेडमागे बसून सगळ्यांनी खायच्या. मनोहररावसुद्धा तिथं मांडी घालून बसत.

मागच्या वर्षी चिठ्ठीच्या एका झाडाच्या चार ओंब्या नाहीशा झाल्या होत्या. पाखरानं तोडल्या नव्हत्या, ब्लेडनं कापल्या होत्या. मनोहरराव तेव्हा एवढंच बोलले होते, "बाहेरच्याला कोणतं झाड घ्यायचं ते कसं कळेल?" त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. पण त्याच आठवड्यात मयुरानं म्हाळगी नगर चौकातल्या चहाच्या टपरीवर देवरावांना एका बियाणं कंपनीच्या एजंटासोबत बसलेलं पाहिलं होतं. एजंट हसत होता, देवराव कप खाली ठेवत होते. तिनं स्कूटी थांबवली नाही. विचारलंही नाही. विचारलं असतं तर माणूस दुखावला असता, असं तिनं स्वतःला सांगितलं. न विचारता वर्षभर मनात धरून ठेवलं की माणूस दुखावत नाही असा तिचा काही हिशोब असावा.

म्हणून अकरा जानेवारीला, यादी देवरावांच्या हाती देण्याआधी, तिनं दोनशे सतरा नंबर यादीतून गाळला आणि चिठ्ठी कापली. चोर आला तरी चिठ्ठीची झाडं बघेल. बिनचिठ्ठीच्या शंभर झाडांत हे एक उभं आहे हे फक्त तिला माहीत. सातवा वाफा, तिसरी ओळ, बांधाकडून अकरावं. ओंब्यांचा धोका तिच्या ध्यानात आला नव्हता असं नाही. पण ओंब्या दरवर्षी विहिरीजवळच्या बाराव्या वाफ्यातून तोडत, सातव्याकडे कोणी फिरकत नसे. शिवाय वीस फेब्रुवारीच्या सुमाराला त्या झाडाला पाखरांपासून जपायला जाळीची पिशवी घालायचीच होती. तेव्हा सांगता येईल काहीतरी.

रोज सकाळी ती सातव्या वाफ्याशी जाऊन उभी राही. हात लावत नसे, नुसती बघे.

"बाई, काय पाहून राहिल्या रोज इथं?" एकदा देवरावांनी मागून विचारलं. खांद्यावर फावडं, डोक्याला दुपट्टा. ते तिला मॅडम कधी म्हणत नसत. ती नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी "आमची गुंजन तुमच्याच वयाची" असं म्हणाले होते आणि तेव्हापासून बाई.

"काही नाही काका. दुधी बरा दिसून राहिला यंदा."

"बरा? अव्वल आहे." ते वाकले आणि नेमकी त्याच झाडाची ओंबी दोन बोटांत धरून त्यांनी दाबून पाहिली. "हे बिनचिठ्ठीचं पाहा. कसं भरलं! मशीननं नापास केलं, नाई तं म्या यालेच पह्यला नंबर देल्ला असता. काहून नापास झालं असंन वं बाई?"

"दोनच खुणा निघाल्या त्याच्यात," मयुरा म्हणाली.

"अरेरे," देवराव म्हणाले, आणि ओंबी सोडून दिली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते, पण टपरीवरचा तो एजंट डोळ्यांपुढे आला आणि तिनं ते गिळले.

अठरा फेब्रुवारीला तिच्या आईचं, सिंधूताईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. एका दिवसाचं काम म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, साखर वाढली आणि बेशातल्या घरून हॉस्पिटल, हॉस्पिटलहून घर अशा चकरा करण्यात मयुराचे चार दिवस गेले. जाळीची पिशवी कपाटात तशीच राहिली. रोज संध्याकाळी ती देवरावांना फोन करी.

"काका, वाफ्यांवर लक्ष ठेवजा हं."

"तुम्ही आईकडं पाहा. इथली काळजी करू नोका. डोये कसे आहेत त्याइचे?"

सातव्या वाफ्याचं नाव तिनं मुद्दाम घेतलं नाही.

बावीस तारखेला दुपारी ती केंद्रात आली तेव्हा शेडमागून धूर येत होता. भाजलेल्या कोवळ्या गव्हाचा वास. चार रात्रींच्या जागरणानंतर त्या वासानं तिला एकदम बरं वाटलं. निंदणाच्या बाया कडेला बसल्या होत्या. देवराव ओंब्यांची जुडी देठांनी धरून जाळावर फिरवत होते, कुसळं तडतडत जळत होती.

"या बाई, या! तुमच्यासाठीच थांबलो होतो. थ्या बाया म्हणे पेटवा, पेटवा. म्या म्हटलं बाई आल्याबिगर पेटत नसते."

तुळसाबाईनं, चौघींतल्या थोरलीनं, सुपात चोळून पाखडलेले दाणे तिच्या ओंजळीत ओतले आणि वर गुळाचा खडा ठेवला. दाणे गरम होते, हिरवट, दाताखाली दुधाळ फुटत होते. मयुरानं एक मूठ खाल्ली, मग दुसरी. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"गोड आहे का नाई?" देवरावांनी विचारलं.

"खूप गोड आहे काका. बाराव्या वाफ्यातला इतका गोड कधी लागला नव्हता."

"बाराव्यातला नाईच तो!" देवरावांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता. "सातव्यातला आहे. तुम्ही रोज तिथंच उभ्या राहत होत्या ना. म्हटलं, चार दिवस झाले दवाखान्यात हाल काढून राहिलं लेकरू, तिच्या आवडीचंच खाऊ घालू. बिनचिठ्ठीचेच तोडले, घाबरू नोका. अन् थे एक लय भरलं होतं ना, अकरावं, थे पुरंच कापून आणलं."

मयुराच्या तोंडात घास होता. तो तिनं थुंकला नाही आणि गिळलाही नाही. ती उठली, चपला न घालता चालू लागली आणि मग पळू लागली.

सातवा वाफा, तिसरी ओळ. दहाव्या आणि बाराव्या झाडाच्या मध्ये विळ्यानं सफाईनं कापलेली तेरा खोडकं जमिनीपासून दोन बोटं वर उभी होती. एकही ओंबी मागे राहिली नव्हती. देवरावांचं काम नेहमी असंच स्वच्छ असे.

ती तशीच परत आली आणि सुपातले, पोत्यावरचे, राखेच्या कडेचे दाणे ओणवी होऊन वेचू लागली. एक तरी कच्चा राहिला असेल, एक तरी. बाया बघत राहिल्या. वेचलेल्या प्रत्येक दाण्यावर जाळाचा डाग होता. "दोनशे सतरा," ती म्हणत होती, "दोनशे सतरा होतं ते. चारही होती त्याच्यात."

देवरावांना आधी कळेना. मग कळलं, आणि त्यांच्या हातातली जुडी जाळात पडली.

"चिठ्ठी नव्हती बाई. आईच्यान सांगतो, चिठ्ठी नव्हती त्याले." ते खाली बसले. थोडा वेळ आपल्याच हातांकडे पाहत राहिले. "मंग सुटली असंन. म्याच बांधली होती. माह्यी गाठ कच्ची राह्यली असंन."

मयुरानं मान वर केली. बोलायची वेळ हीच होती, हे तिला त्या क्षणीही कळत होतं. पण ज्या माणसाचं सर्वस्व आत्ताच जळून गेलं आहे त्याला कोणी दोष स्वतःच्या अंगावर घेऊन जवळ बसला की केवढा आधार वाटतो, हे ज्याला माहीत आहे त्यानंच तिला नावं ठेवावीत. ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी दोघांना खोलीत बोलावलं. ते रागावले नाहीत. रागवायलाही पुढे काही उरलेलं असावं लागतं. फ्रीजमध्ये दोनशे सतरा नंबरची नळी होती, तिच्यात त्या झाडाचा डीएनए होता. त्यातून हवं ते सगळं वाचता येत होतं, उगवत मात्र काहीच नव्हतं.

"त्या संस्थेला कळवावं लागेल," मनोहरराव म्हणाले. "ट्रस्टलाही. लेखी द्यावं लागेल काहीतरी. कसं झालं ते."

"लिहा ना साह्यब," देवराव म्हणाले. "गाठ माह्यी होती. माह्या नावानं लिहा."

त्यांचं अक्षर नीट नव्हतं म्हणून पत्र मयुरानं लिहिलं. 'चिठ्ठी बांधण्यात माझ्याकडून हयगय झाल्याने' हे शब्द तिच्या हातचे. देवरावांनी खाली सही केली, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. पेन परत देताना म्हणाले, "एकतीस साल झाले, एक गाठ सुटली नाई आजवर. अन् सुटली तं कोणती सुटली पाहा."

त्यानंतर देवरावांनी एक वेडाच उद्योग सुरू केला. सकाळ-संध्याकाळ ते त्या तेरा खोडकांना लोट्यानं पाणी घालू लागले. वर चार काड्या रोवून ओलं पोतं बांधलं. मार्च तोंडावर आला होता, दुपारी पत्र्याला हात लावता येत नव्हता. गव्हाला या दिवसांत फुटवा येत नाही हे त्यांना मयुरापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी पाचव्या दिवशी एका खोडकाच्या बुडाशी पिवळट कोंब दिसला आणि ते तिला बोलवायला धावत आले. दोघंही मातीत बसून त्या कोंबाकडे बघत राहिले. तिला आशा वाटली, आणि त्या आशेची लाजही वाटली. सातव्या दिवशी कोंब वाळून दोऱ्यासारखा झाला. देवरावांनी पोतं सोडलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा ते वाफ्यात गुडघ्यांवर बसले होते. शेजारच्या बांधकामावरून रेतीची चाळणी मागून आणली होती आणि तिसऱ्या ओळीतली माती ते पसापसानं चाळत होते. बांधाकडून सुरुवात करून आठव्या झाडापर्यंत पोचले होते.

"काय शोधून राहिले काका?"

"चिठ्ठी." त्यांनी वर पाहिलं नाही. "सुटली तं इथंच पडली असंन ना. कागद गेला असंन पाण्यानं, पण सुतळी तं राहीन. मले गाठ पाह्याची आहे एकदा. कशी सुटली थे पाह्याचं आहे. रात्री झोप नाई येत बाई. घरवाली वच्छला म्हणे, सोडा आता. पण सोडता नाई येत."

मयुराच्या खांद्याला पर्स होती. तिनं चेन उघडली. चिठ्ठी तशीच होती, दोनशे सतरा, देवरावांच्याच हाताचा तिरपा सात. सुतळीची गाठ पक्की होती. सुतळी गाठीच्या बाजूला कात्रीनं कापलेली होती.

तिनं ती त्यांच्यापुढे धरली.

"सापडली?" ते उठू लागले. "कुठं सापडली?" मग त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, अंगठ्यानं कापलेलं टोक चाचपलं. एकतीस वर्षं सुतळ्या बांधणाऱ्या माणसाला त्यात काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

"मी कापली," मयुरा म्हणाली. "जानेवारीत. यादीतूनही मीच काढलं होतं ते."

"काहून?"

"मागच्या वर्षी ओंब्या चोरीला गेल्या ना. म्हटलं, कोणाला कळू नये कोणतं झाड आहे ते."

"कोणाले?"

ती कंपनीवाल्यांचं नाव घेऊ शकली असती. रात्रीच्या चोराचं घेऊ शकली असती. पण समोर तो माणूस गुडघ्याला माती लावून बसला होता आणि नऊ दिवसांत तिला खोटं बोलण्याचा पुरता कंटाळा आला होता.

"तुम्हाला," ती म्हणाली. "मी तुम्हाला चौकात पाहिलं होतं. त्या एजंटासोबत. तुमच्यापासूनच लपवलं मी, काका. आणि पत्र लिहितानाही गप्प बसले." तिला रडू फुटलं. "माझं चुकलं. खूप चुकलं."

कुंपणापलीकडे कोणाच्या तरी घराचा स्लॅब पडत होता, मिक्सरचा खडखडाट चालला होता. देवरावांनी चाळणीतली माती परत वाफ्यात ओतली आणि हातानं सारखी केली.

"त्यानं मांगल्या होत्या ओंब्या," ते म्हणाले. "मले म्हणे, दहा ओंब्या द्या. म्या म्हटलं, चाल निंग इथून. चहा तेवढा त्याच्या पैशाचा पेलो होतो. थ्याची लाज वाटली म्हणून कोणाले सांगतलं नाई." त्यांनी हाताची माती झटकली. "तुम्ही विचारलं असतं तं सांगतलं असतं."

"मला माहीत आहे."

"अन् थे झाड बिनचिठ्ठीचं होतं तरी म्या ओयखलं होतं ना. तुम्हाले म्हटलं होतं पह्यला नंबर. तुम्ही म्हणाल्या, दोनच खुणा." त्यांनी चिठ्ठी तिला परत दिली नाही, वाफ्याच्या बांधावर ठेवली. "माह्यी गाठ सुटली असती तं बरं होतं. म्हाताऱ्याच्या हातून होते चूक. घरी जाऊन सांगता येते. आता वच्छलेले काय सांगू? एकतीस साल जिथं काम केलं तिथं मले चोर समजत होते म्हणून सांगू?"

मयुरा त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरकले. "नाई, नाई," म्हणाले, "असं नोका करू." त्यांनी काड्या उपटल्या, पोतं गुंडाळलं आणि चाळणी बांधकामावर परत द्यायला निघून गेले.

त्याच दुपारी तिनं मनोहररावांना सगळं सांगितलं. त्यांनी फाईलमधलं देवरावांचं पत्र काढून फाडलं, दुसरं कोरं पान तिच्यापुढे सरकवलं आणि ती लिहीत असताना खिडकीबाहेर बघत राहिले. "शंकेचं बी मीच टाकलं होतं त्या दिवशी," एवढंच म्हणाले. मोठ्या संस्थेचं उत्तर तीन ओळींचं आलं. ट्रस्टकडून उत्तरच आलं नाही, जमिनीचे मोजणीवाले आले.

तिनं कबुली दिली त्याच संध्याकाळी सुटी होताना देवराव ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. एकतीस वर्षं ते सरळ फाटकातून घरी जात आले होते. हातातली नायलॉनची थैली त्यांनी टेबलावर ठेवली आणि तोंड उघडून धरलं.

"पाहून घ्या मॅडम."

मयुराला आधी उमगलं नाही. मग उमगलं, आणि ती खुर्चीतून उठली. "काका, हे काय? नका ना असं करू."

"पाहून घ्या. मंग मी जातो." आवाजात राग नव्हता. राग असता तर ती पायांशी बसून काढू शकली असती. त्यांनी स्वतःच एकेक वस्तू बाहेर काढली: जेवणाचा डबा, त्याचं झाकण उघडून, पाण्याची बाटली, घडी केलेला दुपट्टा, तो झटकून. मग सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. दाराबाहेर तुळसाबाई आणि बाकीच्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनीही आपापल्या पिशव्या खांद्यावरून काढून हातात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. तिनं एकदा दार लावून घेतलं, तर ते व्हरांड्यात अंधार पडेपर्यंत उभे राहिले. एकदा तिनं रागावून पाहिलं, एकदा हात जोडून पाहिलं. मनोहरराव समजावायला गेले, त्यांनाही ते "नियम चांगला आहे साह्यब" म्हणाले. दिवसा ते सगळं काम करत, विचारलेल्याचं उत्तर देत, सिंधूताईंच्या डोळ्याची चौकशीही करत. फक्त तणाची काडी उपटायची असली तरी आधी तिला बोलावून विचारत, मॅडम, हे काढू का?

एकतीस मार्चला वाफ्यांत काही नव्हतं. मशीन खोक्यात गेलं होतं, टेबलही भंगारवाल्यानं उचललं होतं. पाच वाजता देवराव नेहमीसारखे दारात आले. टेबल नाही हे पाहून क्षणभर थबकले, मग थैली दोन्ही हातांनी तिच्यापुढे उघडी धरून उभे राहिले.

"आज तरी नको काका. आता काय उरलं इथं न्यायला?"

"पाहून घ्या," देवराव म्हणाले.

मयुरानं पहिल्यांदाच वाकून थैलीत पाहिलं. डबा, बाटली आणि घडी केलेला दुपट्टा, एवढंच होतं.